सुट्टीतलं चित्र अर्धवट असतानाच दाखवा: कसं, कधी, कोणाला

मे महिन्याच्या सुट्टीत चित्रकलेची मुलं काहीतरी स्वतःचं करायला घेतात. असाइनमेंट नाही, मार्क नाहीत, विषय आपल्या मनाचा. तरी जून उजाडतो तेव्हा बहुतेकांचं काम अर्ध्यावर अडलेलं असतं. यात आळसाचा भाग थोडा असतो. एकट्याने तोच कागद रोज बघून बघून चित्र दिसेनासं होतं, हे खरं कारण. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे: दर आठवड्याला काम कोणाला तरी दाखवायचं, आणि जसं असेल तसंच दाखवायचं. गोव्यात डिचोलीला आमच्या ओसरीवर रविवारी सकाळी पाच-सहा मुलं वह्या-कागद घेऊन येतात, लांबची व्हॉट्सॅपवर फोटो पाठवतात. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो.

सर्वांत आधी विषय एका वाक्यात लिहून काढा. ‘गोव्याचा निसर्ग’ म्हटलं तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. ‘घरामागची चिरेखाण, सकाळची आणि संध्याकाळची, जलरंगात, सहा चित्रं’ असं लिहिलं की उद्या काय करायचं ते ठरतं. वाक्य पुढे बदलेल, बदलू द्या. फक्त जुनं खोडू नका, त्याच्याखाली नवं लिहा.

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घाला. दोन मिनिटांची रेघोटी असली तरी. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (1926–2011) यांनी लहानपणापासून चित्रांतून रोजनिशी लिहिली. त्यांच्या नंतरच्या गजबजलेल्या चित्रांतली माणसं कुठून आली ते त्या वह्या बघितल्या की समजतं.

आता फोटो. इथे जरा थांबतो, कारण चांगलं काम वाईट फोटोमुळे वाया गेलेलं मी फार वेळा बघितलं आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला खिडकीजवळ किंवा ओसरीवर, जिथे थेट ऊन पडत नाही तिथे, चित्र भिंतीला सरळ लावा. फोनची लेन्स चित्राच्या बरोबर मध्यावर हवी, फोन खाली-वर कललेला नको. कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेघा चालू करा आणि कागदाच्या कडा त्यांना समांतर येऊ द्या. अगदी जवळ जाऊ नका. दोन पावलं मागे येऊन थोडं झूम करा, म्हणजे कडा फुगत नाहीत. फ्लॅश बंद. ट्यूबलाइटही बंद, कारण खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिसळले की पिवळा आणि निळा दोन्ही खोटे दिसतात. पेन्सिलचं काम असेल तर पांढरा कागद फोटोत राखाडी येतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. तैलरंग चकाकत असेल तर उजेड बाजूने येईल असं चित्र फिरवून बघा. व्हॉट्सॅपवर फोटो पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे दाबले जातात.

एक फोटो पूर्ण चित्राचा आणि एक जवळून, जिथे तुम्ही अडलात त्या जागेचा. हा दुसरा फोटो मुलं पाठवत नाहीत. अडलेली जागा दाखवायची लाज वाटते.

चिरेखाणीची चित्रं करायला घेतलेली एक मुलगी तीन आठवडे फक्त रंगाच्या पट्ट्या आणत होती. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, लाल तिला सापडत नव्हता. बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घेतला तर मातीचं मडकं दिसायचं, त्यात पिवळा घातला तर भोपळा. अकरा पट्ट्या झाल्या, प्रत्येकीखाली बारीक अक्षरात मिश्रण लिहिलेलं. चित्र एकही नव्हतं, म्हणून ती ओशाळलेली. मग बाजूच्या मुलाने अंगणातला चिऱ्याचा तुकडा उचलला, बादलीत बुडवला आणि पट्ट्यांशेजारी ठेवला. ओला चिरा जांभळटाकडे झुकला, आणि पंख्याखाली वाळता वाळता कडेने नारिंगी होत आला. त्या दिवशी तिला कळलं की लाल एक नाहीच. ती पट्ट्या आणत राहिली नसती तर हे घडलं नसतं. तेव्हा चित्र झालं नाही म्हणून रविवार चुकवू नका. चाचण्या, फसलेले कागद, नुसती चार रेखाटनं, जे असेल ते आणा.

काही कामांत तर मधली अवस्था नंतर दिसतच नाही. कावी या भिंतीवरच्या चित्रकलेचं तसं आहे. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ती बघायला मिळते: चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. फळीवर हे करून बघणाऱ्या एका मुलाचा गिलावा वाऱ्याने भरभर सुकला आणि तडकला. थर देताना फोटो काढले होते म्हणूनच चूक कुठे झाली ते सापडलं. पुढच्या वेळी त्याने फळी ओल्या गोणपाटाखाली ठेवली. असं काम असेल तर दर टप्प्याला हात पुसून एक फोटो काढाच.

फोटोखाली चार ओळी पुरतात: आकार आणि माध्यम, या आठवड्यात काय केलं, कुठे अडलं, आणि एक प्रश्न. ‘कसं वाटतं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘विहिरीचा काठ पुढे येतो की मागच्या माडांत मिसळतो?’ असं विचारा, लोक खरोखर बघतील.

उत्तर देणाऱ्याने आधी आपली नजर कुठे गेली ते सांगावं: ‘मी आधी आजीच्या हातातला कोयता बघितला, चेहरा नंतर.’ चांगलं-वाईट त्यानंतर. आणि दुसऱ्याच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नये. दुरुस्ती सुचवायचीच असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून दाखवा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणाचं चित्र काढलंत तर ते पाठवण्याआधी त्या माणसाला विचारा. बाजारातल्या बायका बहुतेक हसून हो म्हणतात, पण विचारायला हवं.

शेवटचा रविवार मेअखेरीचा ठेवा, पाऊस यायच्या आत. सगळे फोटो तारखेप्रमाणे छापून किंवा मूळ कागदच जमिनीवर ओळीने मांडा आणि चालत चालत बघा. मग कागद पूर्ण कोरडे झालेत याची खात्री करून, मध्ये बटर पेपर घालून, सपाट फाइलमध्ये ठेवा. बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. फाइल भिंतीला टेकवून ठेवू नका, जूनमध्ये भिंती ओल धरतात आणि कडेपासून बुरशी चढते. खाटेखालीही नको. कपाटाच्या मधल्या खणात ठेवा आणि आठवड्यातून एकदा उघडून पंख्याखाली वारा द्या.