औषध पाण्यातनं गेलं म्हणजे संपलं का? शेततळ्याचा हिशोब घरच्या घरी

मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पिंपळगावहून मामांचा फोन आला. द्राक्षावरच्या उडद्या भुंगेऱ्यासाठी फवारणी झाली होती, ब्लोअरच्या टाकीत पन्नासेक लिटर औषध उरलं आणि पोराने ते शेततळ्याच्या बांधावरच सोडून दिलं, ते ओघळून आत गेलं, आता या पाण्याचं काय करू, किती दिवस थांबू. मी विचारलं मामा औषध कुठलं, तर म्हणे इमिडा (इमिडाक्लोप्रिड) होतं बहुतेक, नाहीतर लॅम्डा. आता सगळी गंमत त्या 'बहुतेक'मध्येच आहे, कारण ही दोन औषधं पाण्यात गेल्यावर एकदम वेगळी वागतात.

द्राक्षावर कुठल्या औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि तोडणीमधले थांबायचे दिवस, किती हे आपल्याकडे कुणालाही झोपेतनं उठवून विचारा, सांगेल. पण तेच औषध पाण्यात आणि तळाच्या गाळात किती दिवस राहतं हे कुणी विचारत नाही. मामांना जे फोनवर तासभर समजावलं तेच इथे लिहितोय.

पहिलं काम, बाटलीवरचं तांत्रिक नाव आणि टक्केवारी लिहून घ्या, ब्रँडचं नाव नको. मग त्या औषधाची माहिती शोधताना 'डीटी ५०' हा आकडा बघा. डीटी ५० म्हणजे निम्मं औषध जायला लागणारे दिवस. इथेच बहुतेकजण चुकतात, डीटी ५० दहा दिवस आहे म्हणजे वीस दिवसात सगळं साफ, असं धरतात. तसं नसतं भाऊ. दहा दिवसात निम्मं, वीस दिवसात पाव, तीस दिवसात दोन आणे. नव्वद टक्के जायला डीटी ५० च्या साधारण ३.३ पट दिवस लागतात, आणि एक टक्क्याच्या खाली यायला सात वेळा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे सत्तर दिवस.

हा आकडा येतो कुठून ते पण बघून ठेवा, नाहीतर फसाल. जगभर यासाठी ओईसीडी या देशांच्या संघटनेची ३०८ क्रमांकाची चाचणी वापरतात, २००२ पासूनची. काचेच्या भांड्यात तळाला अडीच सेंटिमीटर गाळ, त्यावर तीन-चार पट पाणी, अंधार, साधारण २० अंश तापमान, आणि औषधातला कार्बन किरणोत्सारी केलेला, म्हणजे तो कुठे कुठे गेला त्याचा माग काढता येतो. जास्तीत जास्त शंभर दिवस हे चालतं. गाळ दोन प्रकारचे घेतात, एक जास्त सेंद्रिय कर्बाचा बारीक आणि एक कमी कर्बाचा जाडसर. दर काही दिवसांनी एकेक भांडं उघडून मोजतात, की पाण्यात किती, गाळातनं सॉल्व्हंटने निघालं किती, गाळात इतकं घट्ट बसलं की निघतच नाही ते किती, आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडालं किती. या सगळ्याची बेरीज शंभर टक्क्यांच्या आसपास यायला लागते, ९० ते ११० चालतं. खरं मोडून संपलेलं फक्त शेवटचं, कार्बन डायऑक्साइड झालेलं. बाकीचं एकतर जागा बदलून बसलंय नाहीतर रूप बदलून.

म्हणून कागदावर दोन आकडे असतात, एक नुसत्या पाण्याचा आणि एक पाणी अधिक गाळ अशा पूर्ण सिस्टिमचा. विकणारा माणूस तुम्हाला पहिला सांगणार. तुम्ही दुसरा मागा.

लॅम्डा बघा, म्हणजे लॅम्डा-सायहॅलोथ्रिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पाणी मिळालं की पळून गाळाला, शेवाळाला चिकटतं, त्यामुळे पाण्यातनं ते एका दिवसाच्या आत निम्मं होतं. वाचून वाटतं वा काय सेफ आहे, पण पूर्ण सिस्टिममध्ये निम्मं व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे ते बसलंय खाली, आणि मासे सोडले असतील तर हा गट माशांना आणि झिंग्यांना भयंकर विषारी. इमिडा उलटं, एका लिटरमध्ये सहाशे मिलिग्रॅमपर्यंत विरघळतं, गाळाला फार चिकटत नाही, पाण्यातच फिरत राहतं आणि अंधारातल्या भांड्यात निम्मं व्हायला चारेक महिने घेतं. पण स्वच्छ उथळ पाण्यावर कडक ऊन असेल तर हेच इमिडा काही तासात निम्मं होतं! मग खरं काय? दोन्ही खरं. तुमचं तळं हिरवंगार असेल तर ऊन वरच्या फूट-दीड फुटातच अडकतं, खाली त्या भांड्यासारखाच अंधार.

मॅन्कोझेबचं, म्हणजे आपल्या एम-४५ बुरशीनाशकाचं, वेगळंच. ते पाण्यात एक-दोन दिवसात मोडतं, पण मोडून ईटीयू (इथिलीन थायोयुरिया) तयार होतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि थायरॉइडला वाईट. लॅब मॅन्कोझेब मोजते ते कार्बन डायसल्फाइडच्या रूपात, त्यात ईटीयू दिसत नाही, ते वेगळं सांगून मोजून घ्यावं लागतं. आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण? तांबं हे मूलद्रव्य, त्याला डीटी ५० नाहीच. दहा वर्षं बोर्डो मारताय आणि बागेतलं पाणी तळ्यात येतंय तर दहा वर्षांचं तांबं गाळात जमतंय.

आता कागदावरचा आकडा आपल्या तळ्याला लावायचा. तापमान दहा अंशांनी वाढलं की मोडण्याचा वेग साधारण २.५८ पट होतो, युरोपात हिशोबाला हाच आकडा धरतात. म्हणजे २० अंशाला १२० दिवस असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी २८ अंश असताना तेच ५५-५६ दिवस, आणि निफाडच्या थंडीत पाणी १५ वर आलं की १९० च्या वर. ऑक्टोबरात सांडलेलं औषध थंडीभर जवळजवळ बसूनच राहतं, हे मामांना पटायला वेळ लागला. दुसरं पीएच. आपलं काळ्या दगडातलं पाणी तसंही आठच्या आसपास, आणि शेवाळ असेल तर दुपारी नऊपर्यंत जातं. क्लोरपायरीफॉससारखं औषध २५ अंशाला पीएच ७ वर निम्मं व्हायला सत्तरेक दिवस घेतं, पीएच ९ वर सोळा-सतरा. म्हणून पीएच पट्टी सकाळी पण बुडवा आणि दुपारी पण.

मग किती औषध गेलं ते काढा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, एकास एक उताराचं तळं भरलेलं असेल तर २,१९६ घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर. इमिडा १७.८ एसएल (१७.८ टक्क्यांचं द्रव औषध) ०.३ मिली प्रति लिटरने मारलं तर फवाऱ्याच्या एका लिटरमध्ये साधारण ६० मिलिग्रॅम, पन्नास लिटरमध्ये ३ ग्रॅम. ३ ग्रॅम भागिले २२ लाख लिटर, आले लिटरला १.४ मायक्रोग्रॅम. द्राक्षाच्या मुळांना काही फरक पडत नाही, पण पाण्यातले बारीक किडे एक मायक्रोग्रॅमच्या आतही मरतात, आणि मासे त्यांच्यावरच जगतात.

खात्री हवी असेल तर नमुना घ्या. औषध गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक आणि वीस दिवसांनी एक. गडद काचेची बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, शक्यतो त्याच दिवशी लॅबला द्या. पाण्याबरोबर गाळही द्या, वरचा पाच सेंटिमीटर, लांब बांबूला डबा बांधून हळूच खरवडा, तळ्याचा प्लॅस्टिक कागद फाटला तर तळंच जाईल. आणि कृपा करून एकटे उतरू नका, तो प्लॅस्टिक कागद साबणासारखा निसरडा असतो, कमरेला दोर आणि वर माणूस पाहिजेच. काठावर पाण्याच्या पातळीची खूण करा. मधल्या काळात विहिरीचं पाणी सोडलंत तर औषध पातळ होईल आणि तुम्हाला वाटेल मोडलं.

समजा तळ्यात दहा लाख लिटर पाणी आहे, गाळाला चिकटणारं एखादं औषध आहे आणि गाळ आधी स्वच्छ होता. पहिला रिपोर्ट लिटरला १२ मायक्रोग्रॅम, वीस दिवसांनी ३. नुसतं पाणी बघितलं तर पाव राहिलं, म्हणजे दोनदा निम्मं झालं, डीटी ५० दहा दिवस. खूश! आता गाळ घ्या. तळ २४ बाय २४ मीटर, पाच सेंटिमीटर थर, सुकवून साधारण २० टन. रिपोर्ट आला किलोला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गाळात ६ ग्रॅम. पाण्यात सुरुवातीला होते १२ ग्रॅम, आता ३. तीन आणि सहा नऊ. बारापैकी नऊ ग्रॅम अजून तिथेच आहे! मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर वीस गुणिले ०.६९३, भागिले (१२ भागिले ९) चा एलएन (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण), उत्तर ४८ दिवस. दहाचे अठ्ठेचाळीस झाले, फक्त गाळ मोजल्यामुळे.

रिपोर्टवर बीएलक्यू, म्हणजे मोजता येण्यापेक्षा कमी, आलं तर तो शून्य समजू नका, खाली लॅबची मोजायची मर्यादा लिहिलेली असते ती वाचा. गाळाची ती मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम असेल तर २० टनांत ०.२ ग्रॅम लपून राहू शकतं.

गाळ काढताना वास घ्या. काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे खाली ऑक्सिजन नाही. बरीच औषधं तिथे फार हळू मोडतात, काही क्लोरीनवाली मात्र उलट तिथेच बदलतात, जसं डीडीटीचं डीडीडी होतं, आणि डीडीडी पण काही साधं नाही. उन्हाळ्यात काढलेला गाळ ओढ्याच्या काठाला टाकला की पहिल्या पावसात तो कादवा-गोदावरीत, आणि तिथनं नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात, जे राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. गाळ बागेपासून आणि ओढ्यापासून लांब, पसरून उन्हात वाळवलेला बरा, ऊन आणि हवा लागली की मोडायला मदत होते. तांबं सोडून.

मामांची बाटली शेवटी गोठ्यामागे सापडली, इमिडाच होतं. तळं हिरवं, पाणी थंड होत चाललेलं, मासे सोडलेले नव्हते. पाणी बागेला ड्रिपने चालू ठेवायला सांगितलं, मत्स्यबीज जूनच्या आत सोडू नका म्हटलं, त्याआधी एकदा पाणी-गाळ दोन्ही मोजून घेऊ. पोराला मात्र आता टाकी बांधावर नाही, बागेतल्या रिकाम्या ओळीत पाणी घालून दोनदा फवारून संपवायला लावतात.