इन्स्ट्रुमेंटल हिप-हॉपचं संकलन एलपीवर आणताना

लंडनच्या निंजा ट्यूनसारख्या स्वतंत्र लेबलांनी १९९०च्या दशकात हिप-हॉप, जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकाच तबकडीवर आणलं. तसं संकलन काढायचं तर आधी सॅम्पलच्या, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्यांच्या, परवानग्या. त्या दोन लागतात: मूळ ध्वनिमुद्रणाची आणि रचनेची. एकच मिळाली तर ट्रॅक सरळ बाजूला ठेवा.

कलाकारांकडून २४ बिटच्या वेव्ह फाइल मागा, मास्टर चॅनेलवर (जिथे सगळे आवाज एकत्र येतात) लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबणारं साधन, न लावलेल्या. चेपून सपाट झालेला ट्रॅक मास्टरिंगला, म्हणजे तबकडीआधीच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारात, सुधारत नाही.

खरी कसोटी क्रमाची. १२ इंची तबकडीवर ३३⅓ आरपीएमला एका बाजूला साधारण १८ मिनिटं ठेवा. २२च्या पुढे गेलात की खाचा दाटतात आणि आवाज कमी करावा लागतो. आत जावं तसं सुईला प्रत्येक फेरीत कमी अंतर मिळतं, तीव्र स्वर फाटतात. म्हणून झणझणीत हाय-हॅटचे (ड्रमच्या जोडझांजांचे) ट्रॅक सुरुवातीला, मवाळ ट्रॅक बाजूच्या शेवटी. टेम्पोचा हिशोब नंतर. साधारण १५० हर्ट्झखालचा बास मोनो (डावीकडे-उजवीकडे एकसारखा) करा, नाहीतर सुई उडू शकते.

टेस्ट प्रेसिंगच्या, म्हणजे मुख्य उत्पादनाआधीच्या चाचणी तबकडीच्या, दोन-तीन प्रती ऐका. टकटक सगळ्यांत त्याच जागी आली तर दोष बहुधा साच्यात, एकीतच आली तर त्या प्रतीत.