ब्रश दिसला की तोंड बंद!

आमची लेक अडीच वर्षांची. ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटायची. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. कीड लागायची ही पहिली खूण, खड्डा पडायच्या आधी सावरता येतं, म्हणाल्या.

समोर उभं राहून घासणं बंद केलं. आता मी जमिनीवर मांडी घालून बसते, तिचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड छताकडे. बोटाने वरचा ओठ उचलला की हिरडीची कड नीट दिसते. पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची, तांदळाच्या दाण्याएवढीच. (जाहिरातीतली ती लांबलचक वळी विसरा!) घासून झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही.

खरी लढाई झोपतानाच्या दुधाच्या बाटलीशी. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच राहतं. बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत नेलं; शेवटी नुसतं पाणी उरलं तेव्हा तिनेच बाटली भिरकावली. 'दुधाचे दात, पडायचेच आहेत' हे आजींचं पालुपद चालूच. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात ना! रेघ अजून आहे, वाढलेली नाही. पुढच्या महिन्यात परत दाखवायचंय.