गिरणगावच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, शिवडी, डिलाईल रोड, नायगाव आणि वरळी या मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, ज्यांचे बालपण आणि उमेदीची वर्षे गेली, त्यांतील बहुतेक कुटुंबे आता विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर अशा ठिकाणी विखुरली आहेत, आणि कित्येक जण कोकणातल्या किंवा घाटावरच्या आपल्या मूळ गावी परतले आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीकडे झुकला आहे. त्यामुळे आपल्या आजोबांच्या, मावशीच्या किंवा जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणी नोंदवायच्या असतील, तर ते काम पुढे ढकलू नये. मात्र ध्वनिमुद्रण सुरू करून ‘त्या काळाबद्दल काही सांगा’ एवढे म्हटल्याने हे काम होत नाही.

असा मोकळा प्रश्न विचारला की बहुधा एकच उत्तर मिळते: दारे सदैव उघडी असायची, माणुसकी होती, सण सगळे मिळून साजरे व्हायचे. ही भावना खरी असते आणि तिचा आदर ठेवावा, परंतु तिच्यावरून एक चाळ दुसरीपासून वेगळी ओळखता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की आठवणी काळाच्या क्रमाने न घेता जागेच्या क्रमाने घ्याव्यात. आधी खोली, मग गॅलरी, मग नळ आणि संडास, मग चाळीचे आवार, मग रस्ता, आणि शेवटी गिरणीचे दार. यातल्या बऱ्याच जागा आज उभ्या नाहीत, पण तिथे वावरलेल्या माणसाच्या अंगात त्या अजून जिवंत असतात.

प्रत्यक्ष सुरुवात कोऱ्या कागदावर करावी. सांगणाऱ्याच्या हाती पेन्सिल देऊन खोलीचा आराखडा काढायला सांगावे आणि मोरी कुठे, चूल किंवा स्टोव्ह कुठे, पाणी कशात भरून ठेवत, ट्रंका आणि वळकट्या कुठे रचत, पोटमाळ्यावर काय असे, हे एकेक विचारत जावे. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तेवढ्यात किती माणसे राहत, कोण खोलीत झोपे आणि कोण गॅलरीत, पावसाळ्यात गॅलरीतली माणसे कुठे जात, या प्रश्नांवर माणसे तासन्‌तास बोलतात. गावमंडळाच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहिलेल्या पुरुषांना तर हे आवर्जून विचारावे. एक जण पाळीवरून आल्यावर दुसऱ्याची झोपण्याची जागा कशी मोकळी होई, खोलीचे भाडे कसे वाटून घेत, गावाहून नवा मुलगा आला की त्याला कोण ठेवून घेई आणि गिरणीत बदलीवर, म्हणजे कायम कामगार गैरहजर असताना मिळणाऱ्या कामावर, कोण चिकटवून देई, यातून त्या वस्तीची अख्खी घडी उलगडत जाते.

नेमके साल विचारण्याचा मोह टाळावा. सन सांगताना माणूस अडखळतो किंवा अंदाजाने काहीतरी सांगून मोकळा होतो, आणि तोच अंदाज पुढे लिखाणात पक्का होऊन बसतो. त्याऐवजी सर्वांच्या स्मरणात असलेल्या घटनांच्या आगेमागे विचारावे. फार वयस्क व्यक्तींसाठी १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट ही खूण उपयोगी पडते. त्यानंतरच्या पिढीसाठी १ मे १९६० ची महाराष्ट्राची स्थापना, डिसेंबर १९६७ मधला कोयनेचा भूकंप, जून १९७० मधली आमदार कृष्णा देसाई यांची हत्या, १९७२ चा दुष्काळ आणि त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेले दूरदर्शन, १९७४ मधली वरळीच्या बीडीडी चाळींतली दंगल आणि १९७५ ची आणीबाणी या खुणा आहेत. ‘चाळीत पहिला टीव्ही आला तेव्हा तुम्ही कामाला लागला होता का?’ या प्रश्नाचे उत्तर सहसा चुकत नाही.

रस्त्यांची आणि स्थानकांची नावे सांगणारा जशी उच्चारतो तशीच लिहावीत आणि आजचे नाव शेजारी नोंदवावे. कोणी डिलाईल रोड म्हणत असेल तर तिथे परस्पर ना. म. जोशी मार्ग लिहू नये. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले, म्हणून १९७० च्या आठवणीत प्रभादेवी स्थानक घुसडू नये. कामाच्या शब्दांनाही हाच नियम लावावा. साचा, धोटा, कांडी, त्रासन खाते, जॉबर, बदली, पाळी, भोंगा हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच व्यक्तीकडून, तिच्याच भाषेत सांगवून घ्यावा.

गिरणगावच्या नोंदी बहुतेक वेळा पुरुषांच्या, आणि त्यातही संपाच्या, होऊन बसतात. हे जाणीवपूर्वक टाळावे लागते. रिळिंग आणि वाइंडिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत पूर्वी मोठ्या संख्येने बायका काम करत. घराघरांत खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी तर एकट्याने आलेल्या हजारो कामगारांना पोसले, आणि त्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खाणावळवालीला महिन्याचा हिशेब कसा ठेवत, उधारी कोणाची राही, पहाटे किती वाजता चूल पेटे, पाळ्यांप्रमाणे जेवणाच्या पंगती कशा बसत, हे विचारावे. घरातले पुरुष समोर असताना बायका पुष्कळदा मागे सरतात, म्हणून त्यांच्याशी वेगळी, निवांत बैठक ठरवावी.

जातीबद्दल विचारायला पुष्कळ जण कचरतात आणि ‘आमच्यात असे काही नव्हते’ हे उत्तर मिळाले की विषय सोडून देतात. तसे करू नये. साच्यावर (मागावर) सुताची कांडी बदलताना धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि याच कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे. ते खाते अधिक पगाराचे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळात जाहीरपणे मांडला होता. म्हणून कोणत्या खात्यात कोण होते, पाण्याचे पिंप एकच होते की वेगळे, कोणत्या चाळीत कोणाला खोली मिळत नसे, असे थेट आणि शांतपणे विचारावे, आणि एकाच वस्तीतल्या वेगवेगळ्या समाजांतल्या व्यक्तींना स्वतंत्रपणे विचारावे.

संपाचा विषय पहिल्या भेटीत काढू नये. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला १९८२ चा तो संप कधीच औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. तो अनेक घरांत दागिने मोडण्यात, मुलांची शाळा सुटण्यात आणि गावी परतण्यात विरत गेला. कोणाचे चुकले हा वाद सांगणाऱ्यावर लादण्याऐवजी संपाच्या काळात घर कशावर चालले हे विचारावे. बोलणारा थांबला तर आपणही थांबावे, आणि त्याने सांगितल्यास मुद्रण बंद करावे.

आठवणींच्या जोडीला कागद पाहायला मागावेत. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) घरासाठी पात्रता सिद्ध करावी लागत असल्याने पुष्कळ कुटुंबांनी गिरणीचे ओळखपत्र, पगाराची पावती, तिकीट नंबर आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद जपून ठेवले आहेत. त्यांची छायाचित्रे घरातच काढावीत, मूळ कागद घराबाहेर नेऊ नयेत, आणि आपल्या नोंदीचा घराच्या दाव्याशी काहीही संबंध नाही हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगावे, कारण खोटी आशा लावणे हा या कामातला मोठा अपराध आहे. गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका आणि गावमंडळांच्या जमाखर्चाच्या वह्याही तारखा पडताळायला उपयोगी पडतात. दोघांच्या सांगण्यात फरक आढळला तर दोन्ही आवृत्त्या नावानिशी ठेवाव्यात. त्यांची सरासरी काढून तिसरी गोष्ट रचू नये.

तांत्रिक बाजू फारशी अवघड नाही. साधा मोबाइल पुरतो. तो विमान मोडवर टाकावा, सांगणाऱ्याच्या जवळ ठेवावा, पंखा शक्य तर बंद करावा आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण व दोघांची नावे मोठ्याने बोलावीत. परवानगी त्या मुद्रणातच घ्यावी: नाव वापरायचे का, आवाज इतरांना ऐकवायचा का, कोणता भाग कुटुंबापुरताच ठेवायचा. त्याच दिवशी मुद्रणाची प्रत आणखी दोन ठिकाणी साठवावी. लेखी उतारा तयार झाला की तो मोठ्या अक्षरांत छापून सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि त्याच्या दुरुस्त्या समासात त्याच्याच शब्दांत लिहाव्यात. खोलीच्या आराखड्याची एक प्रत उताऱ्याला जोडावी, आणि एक त्या कुटुंबाकडे द्यावी.