चॉक पेंट लावताय? आधी या चुका टाळा

रंग लावून महिना होत नाही तोच कोपऱ्यातून पोपडे निघतात, पांढऱ्या कपाटावर पिवळे डाग उमटतात, चहाच्या कपाचं वर्तुळ टेबलावर कायमचं बसतं. मग सगळा दोष चॉक पेंटवर जातो. पण यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ रंगात नसतं. ते त्याच्या खाली राहून गेलेल्या थरात असतं, नाहीतर त्याच्यावर जे लावलं त्यात. म्हणून शेड निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवा: त्या वस्तूवर आत्ता काय चढवलेलं आहे, आणि ती घरात रोज काय सोसणार आहे.

हा रंग इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणला. आता आपल्याकडेही अनेक कंपन्यांचे असे रंग मिळतात. पाण्यात मिसळणारा हा रंग असतो आणि त्यात खनिज पूड भरपूर असते. त्यामुळे सुकल्यावर तो अगदी मॅट, मखमली दिसतो, पण पृष्ठभागावर बारीक छिद्रं राहतात आणि त्यांतून हळद, तेल, पाणी सगळं आत शिरतं. शाळेच्या फळ्याला लावतात तो ब्लॅकबोर्ड पेंट वेगळा. दुकानात मागताना ही गफलत बऱ्याचदा होते, तेव्हा डबा वाचून घ्या.

‘घासायची गरज नाही’ यावर विसंबणं

प्रायमर नको, सँडपेपर नको, सरळ ब्रश घ्या आणि लावा, असं व्हिडिओंमध्ये सर्रास सांगितलं जातं. पॉलिश उडालेल्या कोरड्या जुन्या लाकडावर ते बरंचसं चालतंही. आपल्या घरांत मात्र प्लायवर सनमायका चिकटवलेलं फर्निचर जास्त. सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेला कागद. त्याच्या गुळगुळीत अंगावर रंगाला पकड मिळत नाही. वरवर रंग छान बसलेला दिसतो आणि नखाने ओढला की पापुद्र्यासारखा सुटतो.

सनमायकासाठी क्रम असा ठेवा. आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढा, मग साबणाचा अंश राहणार नाही अशा बेताने साध्या पाण्याने दोनदा पुसा. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठींभोवती हातांचं तेल वर्षानुवर्षं साचलेलं असतं, तिथे जास्त वेळ द्या. पूर्ण सुकल्यावर १८० नंबरच्या पेपरने तुकतुकी जाईपर्यंत घासा. खोल ओरखडे नकोत. त्यावर गुळगुळीत पृष्ठभागांसाठी मिळतो तो बाँडिंग प्रायमर लावा आणि मगच रंग. कडेचा सनमायका सुटला असेल तर तो आधी चिकटवून घ्या. सुटलेल्या कडेवर कुठलाही रंग टिकणार नाही.

पॉलिश केलेलं लाकूड असेल तर पॉलिश कोणतं आहे ते पाहा. न दिसणाऱ्या जागी, पायाच्या आतल्या बाजूला वगैरे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस थोडा वेळ दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला, तर ते लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काहीच होत नाही पण एनसी थिनरने मऊ पडतंय, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं कडक पारदर्शक पॉलिश. या शेवटच्या प्रकारात घासणं टाळूच नका.

अजून एक: कपाट चकाकावं म्हणून फवारतात त्या काही पॉलिशमध्ये सिलिकोन असतं. त्याचा अंश राहिला की रंग जागोजागी माशाच्या डोळ्यासारखा गोल फाकतो. अशी वस्तू टर्पेंटाइनच्या फडक्याने, दर वेळी फडक्याची नवी बाजू घेऊन, नीट पुसून मगच घासा. आधी घासलंत तर सिलिकोन लाकडात आणखी खोल जातं.

लोखंडी कपाटाचं गणित वेगळं. पाण्याचा रंग उघड्या लोखंडावर लागला की गंजाचे ठिपके वर येतात. गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात मारा, तो पूर्ण सुकू द्या आणि मग पुढे जा.

पकड आली की नाही हे ओळखायला सोपी चाचणी आहे. पहिला हात सुकल्यावर दुसऱ्या दिवशी, आडोशाच्या जागी ब्लेडने बारीक फुली मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंग आला तर तिथेच थांबा. अजून एक हात मारून ते सुधारत नाही.

पिवळे डाग दिसले की वरून रंगाचे हात चढवत राहणं

हा सगळ्यांत मनस्ताप देणारा प्रकार. सागवानी कपाटाला पांढरा रंग लावला, संध्याकाळपर्यंत सुंदर दिसला, आणि सकाळी फळीच्या रेषांवरून पिवळट-तपकिरी छटा वर आलेली. मग दुसरा हात, तिसरा हात, आणि डाग तिथेच.

साग, शिसव, महोगनी अशा लाकडांत टॅनिन आणि इतर रंगद्रव्यं असतात. जुन्या पॉलिशमध्ये लाकूड लालसर दिसावं म्हणून घातलेला रंगही असतो. चॉक पेंटमधलं पाणी ही द्रव्यं विरघळवून वर ओढतं. प्रत्येक नव्या हाताबरोबर नवं पाणी जातं, म्हणजे डागाला नवी वाट मिळते. पाइनच्या फर्निचरमध्ये गाठींमधल्या राळेमुळे नेमके गोल पिवळे ठिपके उमटतात, तेही याच जातीचे.

याला अटकाव करते ती लाख. पॉलिशवाले वापरतात तोच चपडा. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १२० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळू द्या, पातळ फडक्यातून गाळा आणि मधे तासाभराचं अंतर ठेवून दोन पातळ हात मारा. पांढरा किंवा फिकट रंग द्यायचा असेल तर फिक्या रंगाचा चपडा मागा. डाग आधीच उमटले असतील तरी चालतं: रंग पूर्ण सुकू द्या, डागांवर आणि त्यांच्याभोवती लाखेचे दोन हात मारा, मग वरून चॉक पेंट. खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस काही पेटतं नको, कारण स्पिरिटची वाफ भडकते.

लाखेची ही ताकद आपल्याकडे नवी नाही. सावंतवाडीच्या कारागिरांनी गंजिफाचे पत्ते आणि लाकडी वस्तू रंगवून लाखेनेच राखल्या.

आणि एक मत, ज्यावर मी ठाम आहे. शिसवी किंवा जुन्या सागाच्या वस्तूच्या रेषा छान असतील, पॉलिश फक्त मळलं असेल, तर तिला चॉक पेंट लावू नका. साफ करा, पॉलिश करून घ्या. एकदा रंग त्या रेषांत शिरला की पूर्ण काढणं फार कठीण.

घरी रंग बनवताना

चॉक पेंटचा डबा महाग पडतो म्हणून अनेक जण घरी बनवतात, आणि नीट केलं तर तो चांगला होतोही. चूक होते ती डिस्टेंपर वापरण्याची. डिस्टेंपर भिंतीवर ठीक असतो, पण हात लागून लागून झिजणाऱ्या टेबलावर तो भुकटी होऊन निघतो. चांगलं ॲक्रिलिक इमल्शन घ्या, तेही मॅट. साधारण एक कप इमल्शनला पाव ते एक तृतीयांश कप पीओपी किंवा बारीक खडूची पूड. पूड आधी पाण्यात कालवून गाठी मोडा आणि मग रंगात घाला. उलट केलंत तर गाठी मोडता मोडत नाहीत. पीओपी आळतं, त्यामुळे तासाभरात संपेल एवढंच कालवा. आळायला लागलेल्या मिश्रणात पाणी घालून ते पुन्हा वापरू नका. खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पूड आळत नाही, म्हणून नवशिक्यांनी तीच घ्यावी.

हवा न बघता काम काढणं

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी रंग ब्रशवरच सुकतो. लावलेल्या पट्ट्यावर पुन्हा ब्रश फिरवला की तो ओढला जातो आणि वळ उठतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम करा, पंखा बंद ठेवा, ब्रशचं टोक मधूनमधून पाण्यात बुडवा आणि एकदा ब्रश फिरवलेल्या जागी परत जाऊ नका. पहिला हात चट्ट्यापट्ट्याचाच दिसणार. तो दुसऱ्या हाताने भरतो.

कोकणात आणि मुंबईत उलटा त्रास. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली असते की रंग हाताला कोरडा लागला तरी आत ओलसर राहतो. त्या रंगावर खण बंद केला तर तो फ्रेमला चिकटतो. पुस्तकं रचली तर त्यांची पुठ्ठ्याची बांधणी फळीला चिकटून निघते. लाखेवर अशा हवेत पांढुरकी झाक येते. शक्य असेल तर हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्यातच करावं लागलं तर दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या, खण आणि दारं उघडी ठेवून वाळवा आणि कपाटाची मागची बाजू भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. मागच्या प्लायला रंग दिला नसेल तरी प्रायमरचा एक हात द्या, कारण भिंतीची ओल तिथूनच आत येते आणि बुरशी धरते.

मेण की पीयू: हे आधीच ठरवा

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक ही. बहुतेक जण रंगाचा डबा घेताना वरच्या संरक्षक थरासाठी सोबत मेणाचाही घेतात, कारण व्हिडिओत तसं असतं. मेण दिसायला अप्रतिम. हात फिरवावासा वाटतो. पण ते मऊ आहे. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. गरम कढई तर सोडाच, चहाचा कपसुद्धा त्यावर वळ उठवतो. पश्चिमेच्या खिडकीखालचं टेबल उन्हाळ्यात चिकचिकीत होतं आणि त्यावर धूळ बसते.

म्हणून वस्तूच्या कामानुसार ठरवा. फोटोची चौकट, आरसा, कोपऱ्यातलं शोभेचं टेबल, बैठकीतली खुर्ची यांना मेण उत्तम. जेवणाचं टेबल, स्वयंपाकघरातली कपाटं, मुलांचं अभ्यासाचं टेबल, बाथरूममधलं काहीही असेल तर पाण्यावर आधारित पीयू, मॅट किंवा सॅटिन (किंचित चमक असलेला). हळदीचा डाग हे कारणच पुरे आहे. न राखलेल्या चॉक पेंटवर आमटीचा थेंब पडला की तो आत मुरतो, आणि साबण लावला की डाग पिवळ्याचा लाल होतो. ऊन लागलं तर हळदीचा रंग हळूहळू उडतो, पण तेलाचा डाग राहतोच.

तेलावर आधारित पीयू पांढऱ्या रंगावर लावू नका, काही महिन्यांत तो पिवळा पडतो. गडद निळ्या-काळ्या रंगावर मॅट पीयूचा जाड थर दुधाळ दिसतो. तिथे सॅटिन घ्या आणि थर पातळ ठेवा. डबा हलवू नका, बुडबुडे होतात. तळापासून काठीने हळू ढवळा, कारण मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते. न ढवळता वापरलं तर पहिलं टेबल चकचकीत आणि शेवटचं धुरकट दिसेल. दोन-तीन पातळ हात द्या आणि मधे ३२० च्या पेपरने अगदी हलकं घासा.

मेण लावल्यावर विचार बदलला आणि वरून पीयू मारला, असंही घडतं. मेणावर तो धरत नाही. आधी टर्पेंटाइनने मेण पूर्ण काढावं लागतं.

मेणच लावायचं ठरलं, तर कमी लावा. फडक्यावर वाटाण्याएवढं घेऊन रंगात जिरवा, जास्तीचं लगेच पुसून काढा आणि दुसऱ्या दिवशी सुती फडक्याने चमक आणा. बोट फिरवल्यावर ठसा उमटत असेल तर मेण जास्त झालंय. टर्पेंटाइनचा किंचित ओलावा दिलेल्या फडक्याने ते उतरतं. गडद मेण थेट रंगावर लावलं तर चट्टे पडतात. आधी साधं मेण, त्यावर गडद. मेणाऐवजी बुटाचं पॉलिश किंवा मोटारीचं पॉलिश वापरू नका. पहिल्याचा रंग कपड्यांना लागतो, दुसऱ्यात बऱ्याचदा सिलिकोन असतं.

आणि घाई. मेण असो वा पीयू, वरून कोरडं झालं तरी पूर्ण कठीण व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ओलं फडकं, टेबलक्लॉथ, फुलदाणी काहीही नको.

देवघर

देव्हारा रंगवताना वेगळा विचार करावा लागतो, कारण समईची उष्णता, तेलाचे ओघळ, काजळी, कुंकू आणि पाणी हे सगळं तिथे एकाच जागी येतं. इथे मेण बिलकूल नको. खालच्या फळीला पीयूचे तीन हात आणि समईखाली पितळी ताट किंवा दगडी फरशीचा तुकडा. ज्योतीच्या थेट वरच्या फळीला रंग न देणंच बरं.

जुना रंग कोरडा घासणं

आजोबांच्या काळातली रंगवलेली वस्तू असेल तर कोरडा सँडपेपर हातात घेऊ नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं किती असेल याची खात्री नसते, आणि ती धूळ लहान मुलांसाठी सगळ्यांत घातक. पाणीपेपर वापरा, चिखल ओल्या फडक्याने टिपा आणि त्या वेळी मुलांना आणि गरोदर बाईला घरात त्या खोलीपासून लांब ठेवा. रंग घट्ट बसलेला असेल तर तो उघडा न करता, चमक जाईल इतकंच ओलं घासून प्रायमर मारणं जास्त शहाणपणाचं.

बिघडलंच असेल तर

एखाद्या कोपऱ्याचाच पोपडा निघाला असेल तर सगळं टेबल खरवडायची गरज नाही. सुटलेला रंग ब्लेडने काढा, कडा २२० च्या पेपरने उतरत्या करा, उघड्या जागेला प्रायमर, मग पातळ दोन हात. नव्या रंगाची सीमा दिसू नये म्हणून तो ठिगळासारखा मध्येच न थांबवता फळीच्या जोडापर्यंत ओढा. वर मेण असेल तर त्या फळीवरचं मेण आधी टर्पेंटाइनने उतरवा.

पांढरं वर्तुळ मेणात पडलं असेल तर ते बहुधा मेणातच असतं. थोडं मेण चोळून पुसलं की जातं. वर्तुळ काळपट असेल तर पाणी लाकडापर्यंत गेलंय आणि तेवढा भाग पुन्हा करावा लागेल. मेण आणि टर्पेंटाइनची फडकी मात्र चुरगळून डब्यात टाकू नका. बाहेर दोरीवर मोकळी पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचं मिश्रण असलेली फडकी ढिगात आपोआप पेट घेऊ शकतात, आणि विकतच्या मेणात ते तेल आहे की नाही हे डब्यावर दर वेळी लिहिलेलं नसतं.