निवाऱ्यातून मोठा कुत्रा आणताना
प्राण्यांच्या निवाऱ्यातून लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारखा मोठा कुत्रा दत्तक घेणार असाल, तर पिंजऱ्याबाहेरून बघून ठरवू नका. पट्टा हातात घ्या आणि त्याला रस्त्यावर फिरवून आणा. 30-35 किलोचा कुत्रा मांजर दिसल्यावर किती जोरात ओढतो, ते तिथेच कळतं. घरी रोज जो फिरवणार, त्यानेच हे करून पाहावं. आजोबा फिरवणार असतील तर आजोबांनी.

उठताना त्याचे मागचे पाय लटपटतात का, तेही पाहा. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच आढळतो, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अशा जिवाचे फार हाल होतात. वय जास्त आहे म्हणून मात्र नाकारू नका, उलट त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. रेबीजच्या लशीची नोंद मागून घ्या.

घरी जेवण दोनदा विभागून द्या आणि भरल्या पोटी पळवू नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या जठराला फुगून पीळ पडू शकतो. पोट टम्म झालंय, उमासे येतायत पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर मध्यरात्र असली तरी लगेच पशुवैद्य गाठा. सकाळची वाट पाहणं जिवावर बेततं.