पुण्याकडच्या थंडीत रोड राईडला काय घालायचं

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे साडेपाचला सायकल घेऊन निघालं की पारा १०-१२ च्या आसपास असतो, कधी ८ वर पण येतो, आणि त्याच दिवशी दुपारी २८. म्हणजे आपली थंडी दोन-तीन तासांची असते, दिवसभराची नाही, त्यामुळे जाड विंटर जॅकेटवर पैसे घालू नका. जे घालाल ते पटकन निघालं पाहिजे आणि जर्सीच्या मागच्या खिशात मावलं पाहिजे, एवढी अट धरूनच खरेदी करा.

माझ्या मते पहिली खरेदी आर्म वॉर्मर, म्हणजे हातावर चढवायच्या सुट्या बाह्या. रोजची हाफ जर्सी आणि हे, झाली फुल जर्सी. घेताना वरच्या टोकाला आतून सिलिकॉनची पट्टी आहे का ते बघा आणि दंडावर नीट बसते का ते घालून बघा, सैल असली की सारखी खाली घसरते आणि तुमचं रस्त्यावरचं लक्ष जातं. ऊन चढलं की मनगटापर्यंत सरकवायचे, बास.

नंतर जिलेट, म्हणजे बिनबाह्यांचं विंडचीटर. पुढून वारा अडवणारं कापड आणि पाठीला जाळी असेल असंच घ्या, कारण वारा छातीवर लागतो आणि घाम पाठीतून निघायला हवा. पावसाळ्यातलं रेनकोटटाईप जॅकेट घालून चढ चढलात तर आतल्या आत भिजता आणि मग खरी थंडी वाजते.

आत कॉटनचा बनियन नको, प्लीज. कॉटन घाम धरून ठेवतं. त्याऐवजी पातळ पॉलिस्टरचा बेस लेयर, म्हणजे अंगालगतचा थर, किंवा परवडत असेल तर मेरिनो लोकरीचा, ते ओलं झालं तरी ऊब देतं.

हे सगळं कुठे कळतं तर घाटात. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचता तेव्हा जर्सीची चेन उघडी, अंग घामानं चिंब, आणि मग लोक तसेच चहाला उभे राहतात, फोटो काढतात, आणि त्याच ओल्या अंगानं उताराला लागतात. उतारावर पाय फिरत नाहीत, अंगात ऊब तयार होत नाही आणि ४०-५० च्या स्पीडचा वारा लागतो, बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही, हे खरंच धोक्याचं आहे. त्यामुळे थांबल्या थांबल्या, चहा सांगायच्या आधी जिलेट चढवा आणि चेन गळ्यापर्यंत लावा. जिलेट नसेल तर टपरीवरून पेपर घ्या आणि जर्सीच्या आत छातीवर पसरून घाला, युरोपातले रेसर आल्प्सच्या उतारांवर वर्षानुवर्षं हेच करत आलेत.

हातमोजे पूर्ण बोटांचे पण पातळ घ्या, मोटरसायकलचे जाड घातले तर गिअरचा लिव्हर हाताला कळत नाही. कानाला बफ, म्हणजे डोक्यावरून ओढायची पातळ कापडी पट्टी. माकडटोपी हेल्मेटखाली घालू नका, हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा नीट बसत नाही. पायात दोन-दोन सॉक्स घालून बूट घट्ट करू नका, रक्त फिरलं नाही की बोटं अजून गार पडतात, त्यापेक्षा बुटाच्या पुढच्या जाळीवर टेप चिकटवा, स्वस्तात काम होतं. १५ च्या खाली असेल तर गुडघे झाका, नी वॉर्मर मिळतात.

आणि घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पार्किंगमध्येच छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय, दहा मिनिटांत कळेलच.

रंग मात्र भडक घ्या. नदीकाठी धुकं असतं, आणि सातारा हायवेला मागून येणाऱ्या ट्रकला काळं जॅकेट अंधारात दिसत नाही. मागचा लाल लाईट जिलेटच्या टोकाखाली झाकला जात नाही ना तेही बघा.

धुताना गार पाणी आणि साधी पावडर, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्यानं कापडाची घाम ओढायची ताकद जाते, आणि सिलिकॉनच्या पट्ट्यांना इस्त्री लावू नका.